अर्धवट राहिलेलं पान

प्रिय बाळा,

कोरोनाच्या काळातल्या क्रिकेटवरचं तुझं भाषण वाचलं. फोनवर तू "कसं झालंय?" विचारलंस आणि मी "छान झालंय गं" म्हणून मोकळी झाले. छान झालंच आहे. पण रात्री पुन्हा वाचायला घेतलं आणि काहीतरी खटकायला लागलं. काय ते नीट कळेना. शेवटी कपाटावरची पेटी खाली काढली, 2020चं स्कोअरबुक शोधलं आणि पानं उलटताना उलगडा झाला. फोनवर सांगण्यासारखं नाही ते, म्हणून हे पत्र. सोबत वहीही पाठवते आहे. जपून उघड, शिवण सुटली आहे.

आधी चुका. बेरीज जुळल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही, ही आम्हा स्कोअरर लोकांची खोड, तुला ठाऊक आहेच.

धरमशालेच्या भारत-दक्षिण आफ्रिका सामन्याबद्दल तू लिहिलंस की नाणेफेक झाली आणि पाऊस आला. 12 मार्च 2020ला तिथे नाणेफेकसुद्धा झाली नव्हती. पावसाने सामना धुऊन नेला आणि दुसऱ्याच दिवशी लखनौ आणि कोलकात्याचे उरलेले दोन सामने रद्द झाले. लोक म्हणतात महामारीने मालिका खाल्ली, पण पहिला घास पावसाचा होता. दुसरी चूक थुंकीची. जून 2020मध्ये आयसीसीने चेंडूला थुंकी लावायला बंदी केली ती तात्पुरती होती, कायमची झाली 1 ऑक्टोबर 2022पासून. आणि चूक झाली की लगेच पाच धावांचा दंड, असंही नव्हतं. एका डावात संघाला दोन ताकिदी मिळायच्या, दंड त्यानंतर. मँचेस्टरला इंग्लंडच्या डॉम सिबलीने सवयीने चेंडूला थुंकी लावली तेव्हा पंचांनी चेंडू पुसून निर्जंतुक केला आणि खेळ पुढे चालू झाला, आठवतं? तू तेव्हा पोट धरून हसली होतीस. "आई, चेंडूला पण सॅनिटायझर!" हा प्रसंग भाषणात घाल की. ब्रिस्बेनच्या गाबा मैदानावरच्या विजयाबद्दल सगळेच बोलतील, हा तुझा आहे.

सिडनीचा परिच्छेद मला फार आवडला. 13 मार्चचा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड सामना, रिकामं मैदान, आणि षटकार गेला की क्षेत्ररक्षकाने स्वतः खुर्च्यांच्या रांगांत शिरून चेंडू शोधून आणायचा. "गल्लीत खेळताना आपण जातो तसं" हे तुझं वाक्य तसंच ठेव, एक अक्षर बदलू नकोस.

आता साउदॅम्प्टन, इंग्लंड-वेस्ट इंडीज कसोटी. 8 जुलै, बुधवार. 117 दिवसांनी आंतरराष्ट्रीय क्रिकेट सुरू झालं, असं तू लिहिलंस. या आकड्याकडे मी पुन्हा येणार आहे, पण आधी वहीचं ते पान उघड. डाव्या कोपऱ्यात तुझं अक्षर दिसेल. वेस्ट इंडीजची मंडळी जूनमध्येच मँचेस्टरला उतरून चौदा दिवस विलगीकरणात राहिली होती. साउदॅम्प्टन आणि मँचेस्टर ही मैदानं निवडली कारण दोन्हीकडे हॉटेल मैदानालाच लागून आहे, म्हणजे खेळाडूंना कुंपणाबाहेर पाय टाकायची गरज नाही. आणि एवढा सगळा खटाटोप करून पहिल्या दिवशी पाऊस! जेमतेम अठरा षटकंसुद्धा झाली नाहीत. तू सकाळपासून पेन्सिलींना टोक काढून बसली होतीस.

त्या दिवशी मी तुला मेडन लिहायला शिकवली. सहा चेंडू, सहा टिंबं, तीन वर, तीन खाली, आणि ती जोडली की एम होतो. तू विचारलंस, "काहीच झालं नाही त्याचं एवढं सजवून कशाला लिहायचं?" मी म्हटलं, काहीच झालं नाही असं कसं, गोलंदाजाने सहा चेंडूंत एक धाव दिली नाही, हे झालं. माझं तेव्हाचं उत्तर मलाच आज उपयोगी पडतं आहे, बघ.

टीव्हीवर गर्दीचा गलका लावायचे, तोही तुझ्या लक्षात आला होता. चौकार गेल्यावर टाळ्या एक क्षण उशिरा यायच्या. त्या सामन्यात होल्डरने पहिल्या डावात 42 धावांत 6 बळी घेतले, गॅब्रिएलने सामन्यात 9, आणि शेवटच्या दिवशी ब्लॅकवूडच्या 95 धावांनी वेस्ट इंडीज चार गडी राखून जिंकली. ही सगळी पानं आपण दोघींनी भरली. मग मँचेस्टर, ब्रॉडचे पाचशे बळी. मग पाकिस्तान, अँडरसनचा सहाशेवा. मग सप्टेंबरात आयपीएल दुबई-अबुधाबी-शारजाला, तिथे मी वही बंद केली, कारण तेवढ्या वेगाने लिहून माझा हात राहत नाही. नंतर अ‍ॅडलेड. आपला डाव 36वर आटोपला ते पान तर कोरं असल्यासारखंच दिसतं, आणि शेजारी तू रागाने काढलेलं तोंड. मेलबर्न, रहाणेचं शतक. सिडनी, विहारी आणि अश्विन, टिंबांमागून टिंबं. आणि 19 जानेवारी 2021, गाबा, पंत नाबाद 89. ते पान तू एकटीने भरलंस. मी नुसती उभी होते.

तुझं भाषण नेमकं याच पानांवरून गेलं आहे. धरमशालेपासून ब्रिस्बेनपर्यंत. क्रिकेट थांबलं, पुन्हा सुरू झालं, आणि शेवटी सगळं वसूल झालं. मग तू एकदम उडी मारतेस ती नोव्हेंबर 2025ला, आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला त्या रात्रीवर. मधली जागा रिकामी.

मला खटकत होती ती ही जागा. आणि ती तुझी चूक नाही, कारण तू वहीवरूनच लिहिलंस, आणि वही माझी आहे.

साउदॅम्प्टनच्या पानाच्या आधी एक पान आहे, ते उघड. 8 मार्च 2020, मेलबर्न. महिलांच्या टी-ट्वेन्टी विश्वचषकाची अंतिम फेरी. मैदानात 86,174 लोक. पुढे महिनोन्‌महिने जगात कुठेच एवढी माणसं एका जागी खेळ बघायला बसणार नव्हती, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. (त्या गर्दीतल्या एका प्रेक्षकाला लागण झाल्याचं चारच दिवसांनी जाहीर झालं.) पहिल्याच षटकात ऑस्ट्रेलियाच्या हिलीचा झेल शफालीकडून सुटला. सोळा वर्षांची पोर होती ती. हिलीने 39 चेंडूंत 75 मारल्या, मूनी नाबाद 78, धावफलक 4 बाद 184. इथपर्यंत माझं पान स्वच्छ आहे, बेरीज जुळलेली आहे.

आपला डाव बघ आता. शफाली पहिल्या षटकात गेली. तानिया भाटियाला चेंडू लागला आणि ती बाहेर गेली, तिथे मी "रिटायर्ड हर्ट" लिहिलं आहे आणि बाजूला प्रश्नचिन्ह, कारण बदली फलंदाज आली तर कुठल्या ओळीत लिहायची हे मला पटकन आठवेना. जेमिमा, स्मृती, मग हरमनप्रीत. सहाव्या षटकात 4 बाद 30. आणि तिथे माझी पेन्सिल थांबली आहे. पुढे कोरं.

मी उठून गेले होते. हरलेली मॅच काय लिहायची, असं मनात आलं असणार. मैदानावर असते तर शेवटची विकेट पडेपर्यंत जागेवरून हलले नसते, तिथे हलायची सोयच नाही. घरी होते, उठले.

त्या पानानंतर सरळ साउदॅम्प्टन लागतं. आणि तिथून पुढे संपूर्ण वहीत बाईचं एकही नाव नाही.

आता तुझ्या 117 दिवसांकडे. तो आकडा पुरुषांचा. सिडनीपासून साउदॅम्प्टनपर्यंत मोजलेला. आपल्या मुलींचा आकडा मी काल कॅलेंडर घेऊन मोजला. 8 मार्च 2020 मेलबर्न, 7 मार्च 2021 लखनौ. 364 दिवस. वर्षाला एक दिवस कमी. एवढ्या काळात विश्वचषकाच्या उपविजेत्या संघाने एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही.

सगळं जगच थांबलं होतं, असं तू म्हणशील. तसं नव्हतं गं, तेच तर सांगते आहे. ऑगस्ट 2020मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या मुली खेळत होत्या. हो, ऑस्ट्रिया, ऑस्ट्रेलिया नाही. त्या मालिकेत जर्मनीची कर्णधार अनुराधा दोड्डबळ्ळापूर हिने लागोपाठ चार चेंडूंत चार बळी घेतले. मूळची कर्नाटकची, हृदयविकारांवर संशोधन करणारी शास्त्रज्ञ. लसिथ मलिंगाचे चार चेंडूंतले चार बळी तुला पाठ आहेत, हिचं नाव तू ऐकलं होतंस? मीही नव्हतं ऐकलं, काल शोधताना सापडलं. सप्टेंबरात वेस्ट इंडीजच्या मुली इंग्लंडला गेल्या आणि डर्बीच्या एकाच मैदानात पाचच्या पाच सामने खेळल्या. हरल्या पाचही, पण खेळल्या. त्याच सुमारास न्यूझीलंडचा संघ विलगीकरणाचे दिवस काढून ऑस्ट्रेलियाशी खेळला, कुठे, तर ब्रिस्बेनला! तुझ्या गाबाच्याच गावात, पंतच्या आधी साडेतीन महिने. तिथेच ऑस्ट्रेलियाच्या मुलींनी लागोपाठ एकविसावा एकदिवसीय सामना जिंकून पॉन्टिंगच्या संघाच्या विक्रमाशी बरोबरी केली.

आपल्या मुलींचा इंग्लंड दौरा ठरला होता, तो बारगळला. जानेवारीत ऑस्ट्रेलियाला जायचं होतं, ते पुढे गेलं. 2021च्या सुरुवातीला न्यूझीलंडला व्हायचा विश्वचषक 2022वर ढकलला. वर्षभरात त्यांच्या वाट्याला आले शारजातले चार सामने, तेही आंतरराष्ट्रीय नव्हेत, आयपीएलच्या शेपटाला बांधलेले. पुरुषांचे 60, यांचे 4. आणि तेही ऑस्ट्रेलियातल्या महिला बिग बॅशच्या ऐन दिवसांत, म्हणजे तिथे खेळणाऱ्या येऊच शकत नव्हत्या. राधा यादवने त्या अंतिम सामन्यात 16 धावांत 5 बळी घेतले. माझ्या वहीत नाही.

बायो-बबल, म्हणजे खेळाडूंना बाहेरच्या जगापासून तोडून ठेवायची सोय, ही स्वस्त गोष्ट नव्हती. खास विमान, अख्खं हॉटेल, दर दोन-चार दिवसांनी सगळ्यांच्या चाचण्या, वर कुंपणाच्या आतला स्वयंपाकी आणि ड्रायव्हरसुद्धा आतच. ज्या सामन्यांतून टीव्हीचा पैसा येतो त्यांच्यासाठी ही सोय आधी झाली. हिशोब म्हणून मला तो समजतो. पण हिशोब समजणं आणि भाषणातून तेवढा भाग गाळणं यात फरक आहे.

एक गोष्ट तुला आठवत नसेल. ऑक्टोबर असावा. तू पॅसेजमध्ये मोज्यात चेंडू टांगून ठोकत बसायचीस, टक, टक, टक, खालच्या मजल्यावरचे काका दोनदा येऊन गेले होते. टीव्हीवर आयपीएल चालू होतं. तू घाम पुसत आत आलीस आणि विचारलंस, "आई, हरमनप्रीत सध्या कुठे खेळते?" मी म्हटलं, "सध्या कोरोना आहे ना, सध्या कुणीच नाही खेळत." आणि समोर टीव्हीवर सामना चालू होता! तू एकदा टीव्हीकडे पाहिलंस, एकदा माझ्याकडे, आणि परत पॅसेजमध्ये गेलीस. बारा वर्षांची होतीस. काही बोलली नाहीस. मला ते काल रात्री आठवलं आणि झोप लागली नाही.

आणि 7 मार्च 2021ला, रविवारी, लखनौला त्या परत मैदानात उतरल्या तेव्हा मी काय करत होते? आदल्याच दिवशी अहमदाबादची कसोटी संपली होती, मी म्हटलं आज डोळ्यांना विश्रांती. निकाल दुसऱ्या दिवशी पेपरात वाचला. मितालीच्या 50, हरमनप्रीतच्या 40, 9 बाद 177, आणि दक्षिण आफ्रिकेच्या लिझेल ली आणि वॉल्वार्टने सलामीलाच सामना संपवत आणला. आठ गडी राखून हरलो. दक्षिण आफ्रिका जानेवारी-फेब्रुवारीत पाकिस्तानशी खेळून आली होती, आपल्या मुली वर्षभराने. मालिका 4-1ने गेली. "महिला संघाची निराशाजनक कामगिरी" असं काहीसं मीही शेजारी बोलून गेले असेन. वर्षभर पेन्सिल धरली नाही तर माझा एम वाकडा येतो, त्यांचं तर बॅट आणि पाय.

सिराजचा परिच्छेद तसाच राहू दे. वडील गेले आणि तो ऑस्ट्रेलियात विलगीकरणात थांबला, गाबाला डावात पाच बळी घेतले, ते खरं आहे आणि तू ते रडवेपणा न करता लिहिलं आहेस. पण त्याच्या शेजारी स्नेह राणाला बसव. 2021च्या जूनमध्ये ब्रिस्टलला आपल्या मुली साडेसहा वर्षांनी कसोटी खेळल्या. फॉलोऑन मिळून, म्हणजे लागोपाठ दुसऱ्यांदा फलंदाजीला उतरून, शेवटच्या दिवशी सामना हातातून चाललेला. स्नेहचे वडील दोनच महिन्यांपूर्वी गेले होते. ती खालच्या क्रमांकावर आली आणि 80वर नाबाद राहिली, तानियाबरोबर नवव्या विकेटसाठी शंभरच्या वर भागीदारी, सामना अनिर्णित. सिडनीला विहारी-अश्विनने जे केलं तेच. एकावर तू दीड पान लिहिलंस.

शेवटचं, आणि हे मला लिहायला जड जातं आहे.

माझी पेन्सिल 4 बाद 30वर थांबली, त्यानंतर दीप्तीने 33 केल्या आणि वेदा कृष्णमूर्तीने 19. डाव 99वर संपला. वेदाचा भारतासाठीचा तो शेवटचा डाव ठरला. त्यानंतर तिची निवड झाली नाही. 2021च्या एप्रिल-मेमध्ये दोन आठवड्यांच्या आत तिची आई आणि बहीण दोघी कोरोनाने गेल्या. 2025च्या जुलैमध्ये तिने निवृत्ती जाहीर केली. तिला का घेतलं नाही हे ठरवणारी मी कोण, त्याआधीही तिच्या धावा होत नव्हत्या हे खरं आहे. पण धावा होत नसल्या तर माणूस पुढच्या मालिकेत करून दाखवतो. पुढची मालिकाच वर्षभराने आली. पुरुषांमध्ये त्याच अवधीत नटराजन नेटमध्ये चेंडू टाकायला म्हणून गेला आणि तिन्ही प्रकारांत पदार्पण करून आला. तू त्याच्यावर लिहिलंस, लिहायलाच हवं. त्याला सापडलं तसं कुणाचं त्याच वर्षात निसटलंही.

काल रात्री मी ते पान पुरं केलं. चेंडूवार लिहिता आलं नाही, एवढ्या वर्षांनी कुठल्या चेंडूवर एक आणि कुठल्यावर दोन हे आठवणीतून भरणं म्हणजे खोटं लिहिणं. नुसती नावं आणि धावा, शेवटच्या रकान्यात. दीप्ती 33, वेदा 19, बदली आलेली रिचा 18, आणि बाकीच्या. रिचाला तानियाच्याच ओळीत, तिरकी रेघ मारून. बेरीज 99, अवांतर धरून जुळली. नवी पेन्सिल जरा गडद आहे, त्यामुळे जिथे मी उठले होते ती जागा तुला लगेच दिसेल. खोडून एकसारखं करू नकोस.

भाषणात किती घ्यायचं ते तू ठरव. सात मिनिटं आहेत म्हणालीस, अ‍ॅडलेडचा भाग कापला तर दीड मिनिट सुटेल, 36वर तशीही कुणाला नव्याने माहिती नको आहे. आणि "117"च्या आधी "पुरुषांचं" एवढा एक शब्द घाल, त्याला वेळ लागत नाही.

वही सुट्टीला येशील तेव्हा घेऊन ये. पुढच्या महिन्यात मुलींच्या एकोणीस वर्षांखालच्या स्पर्धेचं काम आलं आहे मला, त्यासाठी नवीन वही घेतली आहे. तू खेळणार नसलीस एखाद्या दिवशी तर शेजारी येऊन बस, मला चष्म्याने हल्ली लांबून पाठीवरचा नंबर दिसत नाही.

तुझी,
आई